एरंडेलवाल्या काकू

भाड्याची खोली बघायला मी गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मूळ गाव कुठलं तेही विचारलं नाही. मी गुरांचा डॉक्टर आहे एवढं कळल्याबरोबर त्यांचे डोळे लकाकले आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला सिरिंजा मिळत असतील!"

"मिळतात," मी म्हटलं.

"मोठ्या? म्हशीच्या?"

"म्हशीच्याही मिळतात."

"मग खोली तुमची. सामान केव्हा आणताय?"

अशी मला दिवेआगरला जागा मिळाली. बदली होऊन आठवडा झाला होता, होमस्टेवाल्यांच्या खोल्या शनिवार-रविवारी मुंबईकरांसाठी लागायच्या, त्यामुळे महिन्याच्या भाडेकरूला कोणी दारात उभं करत नव्हतं. म्हशीच्या सिरिंजा कशाला हव्यात हे विचारायचं मी मुद्दामच टाळलं. न जाणो, खोली हातची जायची.

उत्तर दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता मिळालं. मी दात घासत होतो आणि घराच्या मागे कोणीतरी लाकूड कापायचं यंत्र सुरू केल्यासारखा कर्कश आवाज आला. तोंडात फेस तसाच घेऊन मी धावलो. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर एक फळी, फळीला चार स्क्रूंनी आवळलेलं अंगठ्याएवढं इंजिन, त्याच्या नाकावर वीतभर पंखा, आणि तो पंखा दिसेनासा होईल इतका फिरतोय. समोर काकू. सुती साडीचा पदर खोचलेला, हातात इंधन मोजून भरायची सिरिंज, कानात कापसाचे बोळे, डोळे मिटलेले. हवेत निळसर धूर आणि एरंडेल तेलाचा वास. एरंडेल म्हटलं की मी अजून तोंड घट्ट मिटतो. लहानपणी दर सुट्टीत आई नाक दाबून पाजायची. पण हा वास जळलेल्या एरंडेलाचा होता. गोडसर, काहीसा सणासुदीच्या घरासारखा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला, हे मी आजवर आईला सांगितलेलं नाही.

"ऐका," काकू डोळे न उघडता ओरडल्या. "पाणी प्यालंय!"

"कोण?"

"मिथेनॉल! काल बूच सैल राहिलं. हवेतलं पाणी ओढून घेतं मेलं. इथे समुद्र पन्नास पावलांवर. बघा, कसं धापा टाकतंय ते!"

मला तर ते ठणठणीत वाटत होतं. पण दोन महिन्यांनी मलाही धाप ऐकू यायला लागली. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

काकू मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि वडिलांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत परत येऊन राहिल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. वादळात घरामागच्या पोफळी आडव्या झाल्या, तिथे पुन्हा रोपं लावायच्या ऐवजी त्यांनी इंजिनांसाठी मोकळी जागा ठेवली. गावातल्या शहाण्या माणसांनी त्यावर बरंच डोकं हलवलं. वाडीत कामाला येणारी बाई मला पहिल्या आठवड्यात बाजूला घेऊन म्हणाली, "डाक्टर, बाईंना काय बोलू नका हां. डोकं चांगलं हाय त्यांचं. फक्त त्या मशिनींना त्याल पाजत बसतात. मानसांना चा कमी, मशिनींना त्याल जास्ती."

अशी पाच इंजिनं होती. छोटी विमानं आणि होड्या चालवायला हौशी लोक वापरतात तसली. पण काकूंनी विमान कधी उडवलं नाही. "विमान काय, वारा आला की पतंगही उडतो," असं म्हणायच्या. त्यांचं सगळं लक्ष इंजिनाला काय प्यायला द्यायचं याच्यावर. "इंजिनाला भूक नसते डॉक्टर, चव असते," हे त्यांचं लाडकं वाक्य. एकाला तेल जास्त लागतं, एकाला कमी. एक पावसाळ्यात रुसतं. एकाला परदेशातलं तयार इंधन एकदा पाजलं होतं, तेव्हापासून ते घरचं पिताना नखरे करतं, असं त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या.

मूळ कृती दोनच जिनसांची. मिथेनॉल जळतं, एरंडेल आतल्या भागांना वंगण देतं. चार भाग हे, एक भाग ते. पण या दोन जिनसांवर काकूंनी तीन जाड वह्या भरल्या होत्या. मिथेनॉलचं कपाट कायम कुलूपबंद, चावी कमरेला. कपाटावर स्वतः काढलेली कवटी. ती इतकी हसरी झाली होती की भीतीऐवजी ओळखीची वाटायची. पण काकू त्या बाबतीत हसायच्या नाहीत. "हे घोटभर पोटात गेलं तर डोळे जातात, मग माणूसही जातो. आणि याची आग उन्हात दिसत नाही." इंजिन चालू असताना शेजारी भिजवलेलं गोणपाट हवंच. एकदा मी गोणपाट विसरलो तर त्यांनी मला वर्गातल्या मुलासारखं दहा मिनिटं अंगणाच्या कोपऱ्यात उभं केलं. मी, सरकारी राजपत्रित अधिकारी, उभा राहिलो.

एरंडेल आणायला आम्ही माझ्या मोटारसायकलवरून माणगावला जायचो. जवळ मिळत नव्हतं असं नाही, पण तिथल्या एका तेलवाल्याकडचं काकूंना पसंत होतं. दुकानात शिरल्या की त्या प्रत्येक डब्यात काडी बुडवायच्या, काडी उजेडात धरायच्या, तेलाचा थेंब दोन बोटांत घेऊन कानाजवळ चोळायच्या. हो, कानाजवळ! तेल ऐकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

"बेन, पाच लिटर?" तेलवाल्या गुजराती शेटनी पहिल्यांदा घाबरून विचारलं होतं म्हणे. "घरात माणसं केटली? सगळ्यांचं पोट एकदम बिघडलं?"

"पाच आहेत," काकूंनी सांगितलं. "पण त्यांना पोट नाही."

शेटनी घाईघाईनं पाच लिटर मोजून दिलं.

मिथेनॉलची तर आणखीच तऱ्हा. ते रीतसर परवान्याशिवाय मिळत नाही आणि मिळू नयेच. काकूंनी परवान्यासाठी अर्ज केला, 'प्रयोजन' या रकान्यात लिहिलं, 'आस्वादपरीक्षण'. इंजिनाला कुठलं मिश्रण आवडतं ते बघायचं, म्हणून आस्वादपरीक्षण! विषारी मिथेनॉलचं आस्वादपरीक्षण म्हटल्यावर दोन साहेब जीप घेऊन दारात हजर. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, मला नाही, त्याला प्यायला!" आणि त्यांनी आत बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, आत कोणीतरी म्हातारा पडलाय. त्यातला मोठा साहेब जवळजवळ धावतच आत गेला. मग काय, धुण्याच्या दगडावर प्रात्यक्षिक झालं. निघताना मोठे साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, अजून एकदा चालू करा ना." तीनदा चालू केलं. परवाना आला तेव्हा त्यात प्रयोजन लिहिलं होतं, 'शैक्षणिक'.

या सगळ्या धामधुमीत मी एकदा फार मोठी चूक केली. सहज, चहा पिता पिता म्हटलं, "काकू, एवढं माणगावपर्यंत कशाला जायचं? घरात खोबरेलाचे डबे भरलेत. तेच का नाही घालत?"

काकूंनी कप खाली ठेवला. उठल्या, आत गेल्या. दोन दिवस मागच्या अंगणात आवाज नाही. कामाची बाई माझ्याकडे असं बघायची की मी काहीतरी फोडलंय.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर दोन काचेच्या बाटल्या. दोन्हींत मिथेनॉल. एकीत एरंडेल ओतलं, हलवलं. पाण्यासारखं नितळ झालं. दुसरीत खोबरेल ओतलं, हलवलं. दुधासारखं पांढरं झालं.

"कसं दिसतंय?"

"चांगलं मिसळलंय की," मी म्हटलं.

"चहा घ्या."

चहा संपेपर्यंत दुसऱ्या बाटलीत खाली तेल आणि वर मिथेनॉल, दोघं वेगवेगळे होऊन बसले होते.

"मिथेनॉलमध्ये विरघळणारं आपल्या स्वयंपाकघरातलं एकच तेल, एरंडेल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला पाहिजे होतं. बी.एस्सी. होते मी. पहिला वर्ग!"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मोठे भाऊ, दादा, तरुणपणी माणगावला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. काम संपल्यावर तिथेच थांबून दीड वर्ष खपून त्यांनी अडीच सीसीचं इंजिन बनवलं. पिस्टनपासून पंख्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. प्लग तेवढा बोटीवर असलेल्या मामेभावानं आणला. तालुक्याच्या प्रदर्शनात ते सगळ्यांसमोर पहिल्यांदा चालवायचं ठरलं. इंधन बहिणीनं करायचं. काकूंनी कॉलेजातून पाव बाटली मिथेनॉल मिळवलं, एरंडेल आणायची वेळ आली तेव्हा वडील कडाडले, "नारळाची वाडी आपली आणि तेल विकत आणायचं? लोक हसतील!" या किनाऱ्यावर ज्याची वाडी आहे त्याच्या घरात खोबरेलाशिवाय दुसरं तेल शिरत नाही. भाजीला तेच, डोक्याला तेच, देवाच्या दिव्याला तेच. मग इंजिनालाही तेच!

"एस.टी.च्या हिसक्यांनी बाटली हिंदकळत राहिली, म्हणून टाकीत ओतेपर्यंत पांढरंशुभ्र होतं. मला वाटलं, असंच दिसत असेल. मग पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. पाऊण तास बोलले ते. तेवढ्यात टाकीत तेल खाली बसलं. नळी तळातून ओढते. इंजिनाला नुसतं खोबरेल मिळत राहिलं."

दादांनी शंभर वेळा पंख्याला झटका दिला. बोट फुटलं, रक्त आलं. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग हसायला लागले. वडील म्हणाले, "चला घरी." दादांची खात्री झाली की पिस्टन सैल बसलाय, आपल्या हातात ती कला नाही. महिन्याभरात त्यांनी लेथ सोडला आणि एका कचेरीत कारकून म्हणून लागले, ते निवृत्त होईपर्यंत.

"बाटलीत थोडं उरलं होतं," काकू म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी मी ते उजेडात धरलं आणि मला सगळं कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"माझा एम.एस्सी.चा प्रवेश झाला होता. घरात आधीच चाललं होतं, मुलीला एवढं शिकवून काय करायचंय. तेलाचं कळलं असतं तर मी मुंबई बघितली नसती." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माझं शिक्षण मी त्याच्या हातांच्या बदल्यात घेतलं, डॉक्टर."

आता कळलं, पाच इंजिनं आणि तीन वह्या कशासाठी होत्या ते.

दादा आता मुलीकडे कायमचे बंगळूरला राहायला निघाले होते. जाण्याआधी चार दिवस वाडीत येणार होते आणि काकूंनी त्यांना कळवलं होतं की येताना ते इंजिन घेऊन ये. तेवढंच कळवलं होतं.

"आधी चालवून दाखवा, मग सांगा," मी शहाणपणा केला.

"नाही. आधी सांगणार. चाललं तर बढाई, आणि नाही चाललं तर मी गप्प बसेन. माझा भरवसा नाही." मग आवाज बारीक झाला. "आणि डॉक्टर, समजा पिस्टन खरंच सैल असला तर? एवढ्या वर्षांनी मी त्याला पुन्हा तिथेच नेऊन उभा करीन."

दादा आले. उंच, वाकलेले, पांढरा सदरा, बोलणं मोजकं. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून बनियनच्या कापडात गुंडाळलेलं इंजिन काढलं. मला गंज चढलेला गोळा अपेक्षित होता. इंजिन चकाकत होतं! दादांनी अंगठ्यानं पंखा हळूच फिरवला. आतून 'टुक' असा दाबाचा नेमका आवाज आला, पिस्टन घट्ट बसल्याशिवाय येत नाही तसा, आणि काकूंनी माझ्याकडे बघितलं. तेल घालून, पुसून, कारकुनी करत करत या माणसानं ते सगळी वर्षं जपलं होतं. आपलं बिघडलेलं म्हणून!

काकूंनी सांगितलं. एका दमात, उभ्यानं, विद्यार्थ्यानं तोंडी परीक्षा द्यावी तसं. खोबरेल, बाटली, संध्याकाळ, एम.एस्सी. काही गाळलं नाही.

दादांनी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले.

"बाय," ते म्हणाले, "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो दादा."

"रात्री मी ओटीवर रडत बसलो होतो तेव्हा तू माझ्याजवळ बसली होतीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

ते उठले आणि वाडीत चालते झाले. काकू जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. तासभर गेला असेल. मला वाटलं, म्हातारा सरळ एस.टी. थांब्यावर गेला. मोटारसायकलची किल्ली घेऊन मी उठणार इतक्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

"फळी कुठली? हीच का?"

आम्ही धावलो. दादा इंजिन फळीला आवळत होते. काकूंकडे त्यांनी बघितलं नाही. इंजिनाकडे बघतच विचारलं, "मिश्रण काय घेतलंयस?"

"ऐंशी-वीस."

"वीस टक्के तेल? डोकं ठिकाणावर आहे का? नवीन इंजिन आहे हे! एकदाही चाललेलं नाही. पंचवीस कर."

नवीन इंजिन! काकू पदरानं डोळे पुसत आत पळाल्या आणि पंचवीसचं मिश्रण करून घेऊन आल्या. दादांनी बाटली हिसकावून घेतली, उन्हात धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि थांबले. पाच मिनिटं ते नुसते बाटलीकडे बघत राहिले. मिश्रण नितळच राहिलं. मग टाकी भरली. मी गोणपाट भिजवलं, प्लगला सेल जोडला.

पंख्याला झटका द्यायला काकूंनी लाकडी दांडकं पुढे केलं. दादांनी ते बाजूला सारलं आणि बोट लावलं.

पहिला झटका, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला 'फट्' झालं आणि धुराचा एक पुंजका उडाला. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होते. चौथा झटका... आणि ते सुरू झालं! आधी घुटमळत, ठेचकाळत, जास्तीचं तेल थुंकत. दादांनी दोन बोटांनी इंधन कमी-जास्त करायची सुई हळूहळू आवळली, एक आटा, मग अर्धा, मग पाव, आणि अचानक त्या आवाजातला सगळा खरखराट गेला आणि एकच स्वच्छ, उंच, लांबलचक सूर निघाला! अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, कामाची बाई हातात खराटा घेऊन "चालला! चालला!" करत नाचायला लागली, आणि मी, हो मीच, ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही. त्या पाच इंजिनांतलं एकही असं गायलं नव्हतं. पिस्टन सैल? असा पिस्टन मी त्यानंतरही कधी ऐकला नाही.

दादांनी कान इंजिनाच्या जवळ नेला होता. चेहऱ्यावर एरंडेलाचे शिंतोडे उडत होते, ते पुसत नव्हते. ओठ हलत होते. काहीतरी मोजत असावेत किंवा शिव्या देत असावेत.

टाकी संपली. सूर एकदम वर चढला आणि तुटला. इतकी शांतता झाली की समुद्र ऐकू आला.

दादांनी इंजिनावर हात ठेवला. चटका बसला असेल, पण काढला नाही.

"बाय, मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस," काकू म्हणाल्या. "दुसरी टाकी भरू?"

दादांनी पहिल्यांदाच बहिणीकडे वळून बघितलं.

"भर."